सरकारी पुरवठ्यात उशीर झाला, तर दंड किती कापता येतो?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. विदर्भातील एका लघुउद्योजकाला शासकीय शाळांसाठी 1,200 लोखंडी बाकांचा पुरवठा आदेश मिळाला. दर नगाला 3,500 रुपये, कर सोडून एकूण 42 लाख. आदेश 1 मार्चचा आणि मुदत 60 दिवसांची, म्हणजे 30 एप्रिलपर्यंत. 800 बाके मुदतीत पोचली, उरलेल्या 400 बाकांना 21 जून उजाडला. मध्यंतरी नमुना मंजुरी रखडली होती. नमुना 7 मार्चला जमा झाला, करारानुसार तो सात दिवसांत तपासून द्यायचा होता, पण मंजुरीचे पत्र आले 2 एप्रिलला. अंतिम देयकातून कार्यालयाने एकूण करारमूल्याच्या 10 टक्के, म्हणजे 4,20,000 रुपये 'विलंब दंड' म्हणून कापले. त्याआधी ना पत्र, ना हिशेब. कराराची अट उद्योजकाने मला पाठवली आहे. तिच्यानुसार विलंबित मालाच्या किमतीवर दर आठवड्यास किंवा त्याच्या भागास 0.5 टक्के दंड, आणि तो त्या किमतीच्या कमाल 10 टक्के. त्यांचे विचारणे दोन गोष्टींचे आहे: एवढा दंड कापता येतो का, आणि कायद्यात कुठे कमाल मर्यादा लिहिली आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यावरून फार गैरसमज आहेत. 'दहा टक्क्यांपेक्षा जास्त दंड कापता येणार नाही' असे वाक्य भारतीय करार कायद्यात कुठेही नाही. पाच, दहा, पंधरा असा कुठलाच आकडा त्या कायद्यात नाही. अर्धा टक्का आठवड्याला आणि कमाल दहा टक्के हे आकडे येतात ते केंद्राच्या अर्थ मंत्रालयाच्या वस्तू खरेदी नियमपुस्तिकेतून आणि जेम या सरकारी खरेदीच्या ऑनलाइन पोर्टलच्या सर्वसाधारण अटींतून. राज्य शासनाची खरेदी 1 डिसेंबर 2016 च्या शासन निर्णयातील खरेदी नियमपुस्तिकेप्रमाणे चालते. या सगळ्या सरकारने स्वतःच्या कार्यालयांना घालून दिलेल्या शिस्ती आहेत. तुमच्यावर बंधनकारक होतो तो तुमच्या निविदेत आणि करारात उतरलेला मजकूर. तेव्हा दुसऱ्या कुणाच्या करारातील टक्का तुमच्या भांडणात आणू नका.

म्हणजे मर्यादा नाही का? आहे, पण ती टक्क्यांत मांडलेली नाही. करार कायद्याचे कलम 74 म्हणते की करारात एखादी रक्कम भरपाई किंवा दंड म्हणून लिहिलेली असेल, तर करार मोडल्यावर तक्रारदार पक्षाला 'वाजवी भरपाई' मिळेल आणि ती लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त असणार नाही. थोडक्यात, करारातील आकडा ही कमाल रेघ आहे. कार्यालये तो दर समजून सरसकट लावतात, तिथेच पहिली चूक होते. इंग्लंडमध्ये पूर्वापार 'दंड' आणि 'ठरलेली भरपाई' असा भेद करून एक अमान्य आणि दुसरी मान्य अशी विभागणी होत असे. आपल्याकडे कलम 74 मध्ये 1899 साली दुरुस्ती झाली आणि ते बारीक कातरकाम करायची गरजच उरली नाही. नाव काहीही द्या, मिळणार वाजवी तेवढेच. त्यामुळे 'आमच्या करारात दंड म्हटले आहे, म्हणून ते बेकायदा' हा युक्तिवाद आपल्याकडे फार चालत नाही. आणि 'आम्ही दंड म्हटलेलेच नाही, म्हणून पूर्ण रक्कम मिळालीच पाहिजे' हा सरकारी युक्तिवादही चालत नाही.

याच कलमाला एक अपवाद आहे. जामीनपत्रे, आणि कायद्याखाली किंवा सरकारच्या आदेशाने सार्वजनिक कर्तव्य पार पाडण्यासाठी लिहून दिलेले बंधपत्र, यांत लिहिलेली पूर्ण रक्कम वसूल होते. काही कार्यालये कधीमधी या अपवादाचा आधार घेऊ पाहतात: शाळेची बाके म्हणजे सार्वजनिक काम, मग पूर्ण रक्कम आमची. पण त्या अपवादाखालीच स्पष्टीकरण आहे की सरकारशी करार केला एवढ्यानेच कुणी सार्वजनिक कर्तव्य अंगावर घेतले असे होत नाही. कायदा करणाऱ्यांनी हा प्रश्न आधीच ओळखला होता. हे स्पष्टीकरण बहुतेक लोक वाचतच नाहीत.

आता तुमचा हिशेब. कायद्याच्या आधी बेरीज-वजाबाकी करावी, हे मी प्रत्येक पुरवठादाराला सांगतो. निम्मी भांडणे तिथेच संपतात.

तुमच्या अटीत दंड 'विलंबित मालाच्या किमतीवर' आहे. उशिरा आलेली बाके 400, किंमत 14 लाख. आठवड्याला अर्धा टक्का म्हणजे 7,000 रुपये. 30 एप्रिल ते 21 जून हे 52 दिवस होतात, म्हणजे सात आठवडे आणि तीन दिवस. 'आठवड्याच्या भागास' असे शब्द असल्याने तो आठवा आठवडा धरावा लागेल. 7,000 गुणिले 8, एकूण 56,000. यापुढे कराराप्रमाणेही एक रुपया कापता येत नाही. कापले 4,20,000. कार्यालयाने कमाल मर्यादेचा टक्का उचलला आणि तो चुकीच्या रकमेला लावला, वर तो पहिल्याच दिवसापासून लागू झाल्यासारखा धरला. अर्ध्या टक्क्याने दहा टक्के गाठायला वीस आठवडे उशीर व्हावा लागतो. आणि वीस आठवडे झाले असते, तरी 400 बाकांवरचा कमाल दंड 1,40,000 झाला असता.

खरे सांगायचे तर हे मी आतून पाहिलेले आहे. वकिली सुरू करण्याआधी काही वर्षे मी एका खरेदी शाखेत टेबल सांभाळले. टिपणी लिहिताना डोक्यात एकच भीती असायची, ती लेखापरीक्षणाची. दंड कमी कापला की 'शासनाचे नुकसान' म्हणून आक्षेप निघतो आणि तो निवृत्तीपर्यंत मागे लागतो. जास्त कापला म्हणून आक्षेप निघाल्याचे मला आठवत नाही. त्यामुळे लिपिक दहा टक्के लिहून वर सरकवतो आणि वरचा सही करतो, कारण सही करणे त्याला सर्वात सुरक्षित असते. हे समजून घ्या, म्हणजे पुढे पत्र कसे लिहायचे ते कळेल. तुमच्या पत्राने त्या अधिकाऱ्याच्या हातात फाइलवर लावता येईल असा कागद द्यायचा आहे, ज्याच्या आधाराने तो निर्धास्तपणे रक्कम परत करू शकेल.

आता 56,000 वरून खाली येता येते का ते पाहू. इथे नमुना मंजुरीचा उशीर कामाला येतो. नमुना 7 मार्चला दिला, सात दिवस 14 मार्चला संपतात, मंजुरी आली 2 एप्रिलला. म्हणजे 19 दिवस कार्यालयाकडून गेले. ते दिवस मुदतीत मिळवले की तुमची मुदत 19 मेला संपते. 19 मे ते 21 जून 33 दिवस, म्हणजे पाच आठवडे धरायचे. दंड 35,000.

पण इथे कार्यालयाचा वकील एक प्रश्न विचारणार, आणि त्याचे उत्तर तयार नसेल तर हे 21,000 रुपये हातून जातील. तो म्हणेल, नमुना मंजुरी रखडूनही 800 बाके 30 एप्रिलला पोचली ना? मग मंजुरीने तुमचे काय अडले? याचे उत्तर तुमच्या कारखान्यातील नोंदवहीत आहे. 2 एप्रिल ते 30 एप्रिल या 28 दिवसांत 800 बाके निघाली, म्हणजे दिवसाला साधारण 28 ते 29. त्याच वेगाने 400 बाकांना आणखी 14 दिवस लागले असते. मंजुरी 14 मार्चला मिळाली असती तर 19 दिवस हातात होते, अख्खा आदेश मुदतीत निघाला असता. हे पाइप-पत्र्याच्या खरेदी बिलांनी आणि रोजच्या उत्पादनाच्या नोंदीने दाखवता आले पाहिजे. नुसते 'तुमच्यामुळे उशीर झाला' म्हणून कुणी ऐकत नाही. आणि एक कटू गोष्टही त्याच हिशेबातून निघते. 19 मेपर्यंत सगळी बाके तयार व्हायला हवी होती. पुढचे 33 दिवस तुमचे आहेत. पाइपवाल्याने माल दिला नाही, कामगार लग्नसराईला गावी गेले, ही कारणे कराराच्या दृष्टीने तुमच्याच गोटातली आहेत.

उशिराला कोण जबाबदार, हे कोण ठरवणार? बऱ्याच सरकारी करारांत 'याबाबत सक्षम अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम राहील' असे वाक्य असते आणि पुरवठादार ते वाचून हात टेकतात. हात टेकायचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1987 च्या रामेश्वरा राइस मिल्सच्या निकालात सांगितले की करार मोडला की नाही हाच वाद असेल, तर करारातील एक पक्ष स्वतःच त्याचा न्यायाधीश होऊ शकत नाही. तो हिशेबाचा आकडा काढू शकेल, तेही करार मोडल्याचे मान्य असेल किंवा दुसऱ्या कुणी ठरवलेले असेल तेव्हाच. पुढे 2008 सालच्या बीएसएनएल विरुद्ध मोटोरोला आणि 2011 च्या जे. जी. इंजिनिअर्सच्या निकालांत हेच तत्त्व विलंब दंडाला लावले गेले. उशीर कुणामुळे झाला हा प्रश्न लवादापुढे किंवा न्यायालयापुढे उघडा राहतो.

आता जरा खोलात जाऊ. कार्यालयाला नुकसान झाल्याचे सिद्ध करावे लागते का? यावर वकीलमंडळी दोन निकाल तोंडावर फेकतात आणि दोघांनाही वाटते की आपण जिंकलो.

एका बाजूला मौला बक्ष. 1947 साली लष्कराच्या संयुक्त प्रांतातील मुख्यालयाला बटाटे, कोंबड्या, अंडी आणि मासे पुरवण्याचे त्याचे करार होते. पुरवठा बिघडला, करार रद्द झाले आणि सरकारने त्याची 10,000 आणि 8,500 रुपयांची अनामत जप्त केली. सर्वोच्च न्यायालयाने 1969 मध्ये ती परत द्यायला सांगितली. कारण सोपे होते. बटाट्याचा, अंड्यांचा बाजारभाव असतो. सरकारने दुसरीकडून किती दराने घेतले ते दाखवता आले असते, पण ते दाखवलेच नाही. नुकसान मोजता येत असेल तर ते मोजून दाखवा, असा त्याचा अर्थ.

दुसऱ्या बाजूला 2003 चा ओएनजीसी विरुद्ध सॉ पाइप्स. तेलविहिरींसाठी केसिंग पाइप पुरवायचे होते, युरोपातील पोलाद कामगारांच्या संपामुळे कच्चा माल आला नाही. ओएनजीसीने मुदत वाढवली, पण दंडाचा हक्क राखून ठेवला, आणि नंतर रक्कम कापली. न्यायालयाने ती कपात योग्य ठरवली. विहीर उशिरा सुरू झाल्याने नेमके किती बुडाले हे मोजणे अवघड असते, अशा वेळी दोघांनी आधी मिळून काढलेला अंदाज वाजवी असेल तर तोच धरावा, असे त्याचे सूत्र.

मग 2015 मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण हा निकाल आला. 3.12 कोटींच्या बोलीवरची 78 लाखांची रक्कम प्राधिकरणाने जप्त केली होती आणि नंतर तोच भूखंड 11.78 कोटींना विकला होता. नुकसान तर नाहीच, उलट फायदा. न्यायालयाने सारांश मांडला तो आजही वापरात आहे: कलम 74 लागू व्हायला नुकसान झालेले असणे ही मूळ अट आहे. ते सिद्ध करणे शक्य असेल तर सिद्ध करावेच लागेल. सिद्ध करणे अवघड किंवा अशक्य असेल तेव्हाच करारातील रक्कम देता येते, आणि तीही खरोखरचा पूर्वअंदाज असेल तर.

त्याच सुमारास दिल्ली विकास प्राधिकरणाचाच आणखी एक वाद आला, कन्स्ट्रक्शन अँड डिझाइन सर्व्हिसेसचा. सांडपाण्याच्या पंपिंग स्टेशनचे काम रखडले होते. न्यायालय म्हणाले, सार्वजनिक उपयोगाच्या कामाला उशीर झाला की काहीतरी नुकसान होतेच, ते रुपयांत दाखवता येत नाही म्हणून प्राधिकरणाला रिकाम्या हाताने पाठवता येणार नाही. पण मागितलेली पूर्ण रक्कमही दिली नाही, निम्मीच दिली. मला हा निकाल सरकारी पुरवठ्याच्या भांडणात सर्वात उपयोगी वाटतो, आणि सर्वात कमी वाचला जातो.

तुमची बाके कुठे बसतात? मुले सात आठवडे जमिनीवर बसली याचे नुकसान किती रुपये, हे कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून 'नुकसान सिद्ध केले नाही, दंड शून्य' असा आग्रह धरला तर कार्यालय सॉ पाइप्स आणि पंपिंग स्टेशन पुढे करेल आणि त्यात दम असेल. पण थांबा. उशीर कुठल्या दिवसांत झाला ते पाहा. 30 एप्रिल ते 21 जून. उन्हामुळे विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनच्या अखेरीकडे उघडतात. तुमच्या आदेशातील शाळा 21 जूननंतर उघडल्या असतील, तर एकही मूल तुमच्यामुळे जमिनीवर बसले नाही. मुख्याध्यापकांकडून शाळा उघडल्याची तारीख आणि बाके वर्गात कधी लागली याचा दाखला घ्या. कार्यालय म्हणेल की बाके गावोगाव पोचवायला, जोडायला वेळ लागतो. त्यातही तथ्य आहे, म्हणून मी शून्याचा हट्ट धरणार नाही. पण 35,000 सुद्धा कमी करून मागायला हा मुद्दा मजबूत आहे.

माझा सल्ला असा. 35,000 ते 56,000 यांच्यातला आकडा मान्य करायची तयारी ठेवा आणि 3,64,000 च्या जादा कपातीवर ठाम राहा. ती कपात कराराच्याच विरुद्ध आहे. तिच्यासाठी कुठल्याही निकालाची गरज नाही, अट वाचली की पुरे. जिथे कायदा तुमच्या बाजूने निर्विवाद आहे, तिथे आपण वादग्रस्त मुद्दा चिकटवला की समोरच्याला सगळेच वादग्रस्त आहे असे म्हणायला जागा मिळते.

सूचना दिली नाही या मुद्द्याबद्दलही विचारले आहे. करार कायद्याच्या कलम 55 च्या तिसऱ्या परिच्छेदात असे आहे की मुदत हा कराराचा गाभा असताना, म्हणजे ती चुकली तर करार रद्द करता येईल इतकी महत्त्वाची असताना, उशिराचा माल स्वीकारला, तर स्वीकारतानाच भरपाई मागण्याचा इरादा कळवला पाहिजे, नाहीतर ती मागता येत नाही. ऐकायला हा रामबाण वाटतो. प्रत्यक्षात कार्यालय दोन उत्तरे देते. एक, तुमचा करार मुदतवाढ आणि दंड दोन्ही देतो, म्हणजे मुदत गाभा नव्हतीच, मग हा परिच्छेद लागूच होत नाही. दोन, दंडाची अट करारातच आहे, तीच सूचना. म्हणून हा मुद्दा लिहा, पण त्याच्यावर सगळे ओझे टाकू नका. मुदतवाढीची पत्रे असतील तर मात्र ती बारकाईने वाचा. 2021 च्या वेलस्पन विरुद्ध ओएनजीसी प्रकरणात सुरुवातीच्या मुदतवाढी दंड न लावता दिल्या गेल्या होत्या, आणि लवादाने त्यावरून मुदत हा गाभा नसल्याचा काढलेला निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयाने टिकवला. मुदतवाढीच्या पत्रात 'दंडाचा अधिकार राखून' असे शब्द आहेत की नाहीत यावर पुष्कळ काही अवलंबून असते. जेमवर तर खरेदीदाराला मुदतवाढ देताना दंडासह की दंडाविना हे निवडावेच लागते. पोर्टलवर ती निवड स्क्रीनवर दिसली की लगेच तिचा फोटो काढून ठेवावा.

करारातील आकड्याची कमाल रेघ उलट बाजूनेही काम करते, हे लक्षात असू द्या. करारात विलंबाची रक्कम ठरलेली असेल तर कार्यालय 'आमचे खरे नुकसान याहून जास्त झाले' म्हणून वरची रक्कम मागू शकत नाही. मुंबईतील चुनिलाल मेहता आणि सेंच्युरी मिलच्या वादात 1962 साली हे ठरले. मागणी 50 लाखांची होती, पण करारात महिना 6,000 रुपये लिहिलेले होते, तेवढ्याच हिशेबाने रक्कम मिळाली. त्यामुळे विलंब दंडासोबत त्याच उशिरापोटी सुरक्षा ठेवही जप्त करणे किंवा व्याज लावणे ही एकाच नुकसानीची दोनदा वसुली होते. करार रद्द करून दुसरीकडून महाग माल घेतला तर त्या फरकाची वसुली हा वेगळा विषय आहे, तो तुम्हाला लागू नाही. काळ्या यादीची धमकी दिली असेल तर एवढे ध्यानात ठेवा की कारणे दाखवा नोटिशीत काळ्या यादीचा स्पष्ट उल्लेख, किंवा निदान तसे स्पष्टपणे सूचित होईल असा मजकूर असल्याशिवाय ती कारवाई टिकत नाही, 2014 च्या गोरखा सिक्युरिटीच्या निकालापासून हे पक्के आहे.

दुसऱ्या देयकातून किंवा दुसऱ्या आदेशाच्या पैशांतून दंड वळता करता येतो का, हे बरेच जण विचारतात. 1974 चा रमण आयर्न फाउंड्रीचा निकाल पुरवठादार आनंदाने दाखवतात: भरपाईचा दावा म्हणजे कर्ज नव्हे, निर्णय होईपर्यंत कापता येत नाही. मात्र 1983 च्या कमालुद्दीन अन्सारी प्रकरणात मोठ्या पीठाने, करारात तशी अट असेल तर रक्कम रोखून ठेवता येते असे म्हटले आणि 2020 मध्ये अंबर बिल्डर्सच्या निकालाने ते पुन्हा अधोरेखित झाले. सरकारी करारांत ती अट बहुधा असतेच. त्यामुळे रोखण्यावर स्थगिती मिळवण्याच्या मागे लागण्यापेक्षा मूळ रकमेचा निर्णय लवकर करून घ्यावा. दंडाच्या रकमेवर जीएसटी मागितला असेल तर तोही चुकीचा आहे. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या 3 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकाने करारभंगाची भरपाई म्हणजे सेवेचा मोबदला नव्हे हे स्पष्ट केले आहे.

आता पत्र. ते लांबलचक नको, त्यात कार्यालयाच्या भाषेत हिशेब हवा. मी साधारण असे लिहून देतो:

'उपरोक्त आदेशाच्या अंतिम देयकातून रु. 4,20,000/- इतकी विलंब दंडाची कपात करण्यात आली आहे. करारातील संबंधित अटीनुसार दंड विलंबित मालाच्या किमतीवर दर आठवड्यास 0.5 टक्के दराने आकारणीय आहे. विलंबित माल 400 नग, किंमत रु. 14,00,000/-. नमुना दि. 7 मार्च रोजी सादर करण्यात आला व मंजुरी दि. 2 एप्रिल रोजी प्राप्त झाली. करारातील सात दिवसांची मुदत वगळता 19 दिवसांचा विलंब आपल्या कार्यालयाकडील आहे. सबब आकारणीय विलंब पाच आठवड्यांचा असून त्याप्रमाणे दंड कमाल रु. 35,000/- होतो. जादा कपात रु. 3,85,000/- परत मिळावी. आपण याहून अधिक रक्कम आकारणीय मानत असल्यास हिशेबाची प्रत व त्यामागील कारणे लेखी कळवावीत. हे पत्र आमचे इतर हक्क अबाधित ठेवून देण्यात येत आहे.'

सोबत अटीची प्रत, नमुना पोच, मंजुरीपत्र, चलने, उत्पादन नोंद आणि शाळांचे दाखले. 'हिशेबाची प्रत व कारणे' ही ओळ गाळू नका. कारणे लिहायला बसले की कार्यालयालाच कळते की 42 लाखांवर दहा टक्के कुठून आले हे लिहिता येत नाही.

पैसे देताना 'काहीही येणे बाकी नाही' अशा ना-दावा प्रमाणपत्रावर सही मागतील. उरलेले देयक त्या सहीशिवाय निघणार नाही अशी अडवणूक असेल, तर सहीच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी निषेधाचे पत्र द्या आणि पोच घ्या. 2008 च्या बोघारा पॉलिफॅबच्या निकालानुसार दबावाखाली दिलेले असे प्रमाणपत्र दावा संपवत नाही, पण दबाव होता हे त्या वेळच्या कागदावरून दिसावे लागते. सहा महिन्यांनी आठवलेला दबाव कुणी मानत नाही.

पत्राने काम झाले नाही तर पुढचा रस्ता. तुम्ही उत्पादक आहात आणि उद्यम नोंदणी या पुरवठ्याआधीची असेल, तर सूक्ष्म व लघु उपक्रम सुलभीकरण परिषद हा मी पहिला पर्याय मानतो. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्याखाली माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे असतात. चुकीने कापलेली रक्कम ही थकबाकीच आहे असे मांडता येते, आणि त्यावर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येते. परिषदेच्या निवाड्याला आव्हान द्यायचे तर खरेदीदाराला 75 टक्के रक्कम आधी भरावी लागते, हेच त्या रस्त्याचे बळ आहे. तो नसेल तर करारातील लवादाचे कलम पाहा. तेही नसेल तर व्यापारी न्यायालय, कारण रक्कम तीन लाखांच्या वर आहे. तिथे तातडीचा आदेश मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे, आणि राज्य शासनाविरुद्ध दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीसही लागते. दावा दाखल करायची मुदत तीन वर्षांची, कपातीपासून. स्मरणपत्रे पाठवत बसल्याने ती वाढत नाही. मुदत संपण्याआधी कार्यालयाने लेखी कबुली दिली तर मात्र ती नव्याने मोजता येते.

यातले काहीही करण्याआधी 7 मार्चच्या नमुना पोचीवर आवक क्रमांक आणि शिक्का आहे का ते पाहा. नुसती शिपायाची सही असेल, तर त्या दिवसाचे आवक नोंदवहीचे पान आणि दंड आकारणीची टिपणी माहितीच्या अधिकारात मागा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज द्या, उत्तराला तीस दिवस आहेत. ती टिपणी हाती आली की मला पाठवा, मग परिषदेच्या अर्जाचा मसुदा करू.